तेविसावी तबकडी

आमची पहिली भेट झाली तेव्हा मला त्याचे फक्त बूट दिसत होते.

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती. आत मी, आणि माझ्या पायाशी तबकड्यांनी भरलेलं एक खोकं. पाचव्या मजल्यावरचं एक कुटुंब घर सोडून चाललं होतं. त्यांच्या माळ्यावर पडून असलेल्या जुन्या रेकॉर्ड मी आत्याच्या दुकानासाठी घेऊन चालले होते. आत्याचा धंदाच तो. लोकांनी टाकलेल्या तबकड्या घ्यायच्या, धुवायच्या, वाजवून बघायच्या आणि हौशी माणसांना विकायच्या. धुणं आणि ऐकणं माझ्याकडे, घासाघीस आत्याकडे.

वरच्या फटीत दोन बूट येऊन थांबले. घाबरलात का, असं बुटांनी विचारलं.

"घाबरून जाणार कुठे? दार उघडत नाहीये," मी म्हटलं.

तो हसला. दार उघडायला पंधरा-वीस मिनिटं लागतील, तोवर बोलत राहा म्हणाला, म्हणजे तुम्ही शुद्धीवर आहात हे मला कळेल. काय बोलू, असं मी विचारलं, तर म्हणाला, खोक्यात काय आहे ते सांगा. मी सांगितलं. सगळी सिंगल आहेत. बशीएवढ्या लहान तबकड्या, या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक.

वर पान्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"पाकिटांवर… खालच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने काही लिहिलंय का, बघाल?"

आवाज एकदम खाली आला होता. मी मांडी घालून बसले आणि एकेक पाकीट काढत गेले. विसेक झाली असतील, आणि एकावर खरंच बारीक हिरवं अक्षर दिसलं. मी मोठ्याने वाचलं – 'क्रमांक पाच. पहिल्या पगाराच्या दिवशी. दुकानदाराने दोनदा वाजवून दाखवली.'

बूट दिसेनासे झाले आणि फटीत गुडघे दिसू लागले. तो खाली बसला होता.

दार उघडलं तेव्हा त्याच्या कपाळावर काळ्या तेलाचा पट्टा होता आणि हात पुढे आलेला होता. मी माझा हात दिला… आणि त्याने तो हळूच बाजूला करून आधी ती तबकडी घेतली. मग मला वर ओढलं. त्या दिवशी मला याचं हसू आलं होतं.

*

तो शहरातल्या नव्या इस्पितळाच्या इमारतीत लिफ्ट बसवायच्या कामावर आला होता; मी अडकले ती लिफ्टही त्याच्याच कंपनीची, म्हणून त्याला धाडलं होतं. आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं 'लिफ्टवाला' असं बारसं करून टाकलं. रोज काम सुटलं की तो दुकानात यायचा. बाहेर थंडी मी म्हणत असायची, तरी दारातच बूट काढायचा, आणि मी तबकड्या धूत असायची तिथे मोरीजवळच्या स्टुलावर बसायचा.

हिरव्या शाईची गोष्ट त्याने तिथेच सांगितली, तुकड्या-तुकड्याने. आईवडील लवकर गेले. त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठ्या दादाने त्याला वाढवलं. दादा वेल्डर. चैन अशी एकच, वर्षातून एखादं सिंगल आणायचं आणि आणलं त्या दिवशी काय घडलं ते पाकिटावर एका ओळीत लिहायचं. अशी तेवीस झाली होती. दादा दूरच्या कामावर गेला असताना एकोणीस वर्षांच्या या धाकट्याने ती सगळीच्या सगळी या शहरात आणून विकली. मोटारसायकलच्या नादापायी.

"दादा परत आला. रिकामं कपाट बघितलं. मला म्हणाला, हेल्मेट घेतलंस का?"

मी नळ बंद केला.

"रागावले नाहीत?"

"नाही ना. रागावला असता तर फिटलं असतं."

म्हणून दहा वर्षं तो तीच तेवीस सिंगल शोधत होता. तसली नव्हे, तीच. दादाच्या अक्षरातली. आता दादाची फुप्फुसं गेली होती. आयुष्यभराचा धूर. डॉक्टरांनी काही महिने म्हणून सांगितलं होतं. एकोणीस सापडल्या होत्या, लिफ्टमधली विसावी. तीन राहिल्या होत्या.

मी म्हटलं, आधी घरी जाऊन या, तबकड्या कुठे पळून जात नाहीत. त्याने मान हलवली. फोन रोज करतो, म्हणाला, पण समोर जाऊन उभा राहीन तो सगळ्या घेऊनच. हट्टी होता. दादाने लाडावून ठेवलेला.

त्या संध्याकाळी जाताना त्याने दारात बूट घालता घालता विचारलं, "तुम्ही रोज इतकं टोचून बोलता, की आजच माझ्यासाठी?"

"दिवसभर सुईशी संगत असते."

"मग तुम्हाला सुईच म्हणतो."

"म्हणा. फक्त जपून. सुई खराब असली की चांगल्या तबकडीवर ओरखडे पडतात."

तो म्हणाला, बघू… आधीच काही कमी ओरखडे नाहीत.

आत्या जुनी नोंदवही पुढ्यात ओढून चष्म्याआडून आमच्याकडे बघत होती. तो गेल्यावर तिने एवढंच म्हटलं, की हे गिऱ्हाईक काही तबकड्यांसाठी येत नाही. मी म्हटलं, तबकड्यांसाठीच येतं. दोघींचंही थोडं थोडं खरं होतं.

*

आत्याच्या वहीतून जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते निघाले आणि आमचे रविवार सुरू झाले. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याच्या मागे मोटारसायकलवर बसायचं, मध्ये बदल्यात द्यायच्या तबकड्यांची पिशवी ठेवायची. पहिल्या रविवारी ती पिशवी भरलेली होती, तिसऱ्या रविवारी रिकामी. तरी दोघांपैकी कुणीच ती काढली नाही.

एकविसावी सापडली ती एका दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर. त्यांच्या मेहुण्याने तिला काटे लावून घड्याळ केलं होतं. तीनच्या आकड्यापाशी तबकडी तडकली होती. डॉक्टर बिचारे इतके ओशाळले की कधीकाळचं पाकीटही कपाटातून शोधून दिलं. बाहेर आल्यावर लिफ्टवाला फुटपाथवरच बसला. घड्याळ मांडीवर टिकटिक करत होतं. मी शेजारी बसले आणि त्याच्या बाहीचं टोक माझ्या बोटांत धरलं. हात नव्हे, बाहीच. कितीतरी वेळ.

बाविसावी एका नृत्याच्या बाईंकडे होती. वय झालेलं, पाठ मात्र ताठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चक्क नाही म्हणाल्या. या गाण्यावर त्या आणि त्यांचे यजमान स्वयंपाकघरात नाचायचे. तुमच्या दादांच्या आठवणीइतकीच माझी आठवण आहे त्याच्यात, म्हणाल्या. आम्ही उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली. या गाण्यावर यजमानांशिवाय कुणाला नाचताना पाहिलेलं नाही, तुम्ही दोघं एकदा नाचून दाखवा आणि घेऊन जा, म्हणाल्या.

मला नाचता येत नव्हतं. त्याला तर त्याहून येत नव्हतं. त्या मोठ्या रिकाम्या खोलीत एका भिंतीभर आरसा होता. सुई टेकली, खरखर झाली, आणि संथ लयीचं ते गाणं सुरू झालं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, लिफ्टचं बटण दाबावं तसा. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"सुई, मला खाली बघू दे."

"खाली काय आहे?"

"पाय आहेत. वर बघितलं की मोजणी चुकते."

"मग चुकू दे ना रे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आरशात दिसलं नाही. तो वर बघू लागला. मोजणी चुकली. गाणं संपलं तरी आम्ही थोडा वेळ उभेच होतो, आणि बाई आमच्याकडे पाठ करून तबकडी पाकिटात घालत होत्या… फार सावकाश.

*

तेविसावी कुठेच नव्हती.

माघ सरला, हवा तापू लागली. इस्पितळाच्या लिफ्ट सुरू झाल्या. कंपनीने त्याला दुसरीकडे बोलावलं तर त्याने देखभालीचं काम मागून घेतलं आणि राहिला. शेवटची मिळाली की त्याच दिवशी निघणार, असं तो म्हणायचा. सारखं म्हणायचा. एकदा मी विचारलं, "आणि मग?"

"मग काय… दादाजवळ."

मी वाट बघितली. तो पाण्याच्या टपात बोट फिरवत राहिला. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. एवढी टोचून बोलणारी मी, पण नेमक्या वेळी पुढची तबकडी धुवायला घेतली.

त्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या उपाहारगृहातून एक खोकं आलं. आत्या बँकेत गेली होती. मी नेहमीसारखी पाकिटं पुसायला घेतली. सहावंच पाकीट. हिरवी शाई.

'क्रमांक दोन. आज धाकटा चालला. दारापासून माझ्यापर्यंत, सात पावलं. आठव्याला पडला, पण हसत.'

मी फोन उचलला. नंबर अर्धा फिरवला. रविवार तीन दिवसांवर होता. आम्ही तळ्यावर जायचं ठरवलं होतं. तबकडी नाही, पत्ता नाही, काही शोधायचं नाही, नुसतं जायचं, असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. मी स्वतःला म्हटलं, एक रविवार. दहा वर्षं थांबलंय ते तीन दिवस थांबेल. आणि पाकीट माझ्या पेटीत, हिवाळी कपड्यांच्या खाली ठेवलं.

तळ्यावरचा तो रविवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस होता. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं कशाला लिहू? त्याने माझ्या केसांतली काडी काढली आणि ती फेकायची विसरला. परत येताना मध्ये पिशवी नव्हती.

एका रविवाराचे दोन झाले, दोनाचे तीन. रोज तो विचारायचा, नवीन खोकं आलं का? मी नाही म्हणायची. पहिल्यांदा नाही म्हणताना कानशिलं तापली. चौथ्या-पाचव्यांदा काही वाटेनासं झालं. एकदा तो दमून म्हणाला, बहुतेक फुटली असेल ती, कुणीतरी कचऱ्यात टाकली असेल. आणि मी, हो, मीच, त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, मिळेल रे.

तेविसाव्या दिवशी सकाळी तो दुकानात आला तो बूट न काढता. वहिनीचा फोन आला होता. दादा पहाटे गेला.

मी हातातलं ओलं फडकं पिळत राहिले. त्याने ते माझं दुःख समजून माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याने दुकानातच ठेवलेल्या बावीस तबकड्या आत्याने कापडात बांधून दिल्या. दोन तासांत तो गेला.

*

आठ दिवस मी कामं केली. तबकड्या धुतल्या, सुई बदलली, गिऱ्हाइकांशी बोलले. मनात नाना वाटा येऊन गेल्या. पोस्टाने पाठवावी, नाव न घालता. कालच मिळाली म्हणून सांगावं. किंवा फोडून टाकावी, कुणाला कळणार होतं? नवव्या दिवशी मी तबकडी पिशवीत घातली आणि पहिली बस पकडली.

घर शोधायला वेळ लागला नाही. वेल्डरदादांचं घर म्हटल्यावर कुणीही दाखवलं. दार वहिनींनी उघडलं. रडून रडून सुजलेले डोळे, तरी मला बघून त्या एकदम पुढे आल्या.

"तुम्ही त्या रेकॉर्डच्या दुकानातल्या ना? या, आत या."

मी चकित झाले. त्या मला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि मागची एक लहान खोली दाखवली. नुकताच रंग दिलेली, खिडकीला नवा पडदा. तुमच्याबद्दल धाकट्याने फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणाल्या. शेवटची तबकडी मिळाली की तुम्हाला विचारणार होता, माझ्याबरोबर येतेस का म्हणून. ह्यांना कोण आनंद. खाटेवरून रंगाऱ्याला सूचना द्यायचे. तिला घेऊनच ये म्हणावं, तबकडीचं काय एवढं… असं म्हणायचे.

मी भिंतीला हात टेकला. रंगाचा वास अजून होता.

तो परसात दादाच्या वेल्डिंगच्या कामाची हत्यारं पुसत बसला होता. मला बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. मी पिशवी पुढे केली. त्याने पाकीट काढलं, ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी उभीच.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. "कुठे मिळाली गं? कधी?"

'काल' हा शब्द दोन अक्षरांचा. माझ्या तोंडात तयार होता. त्याच्या मागे दारात वहिनी पाणी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे ती रंगवलेली खोली.

"गेल्या महिन्यात. गुरुवारी," मी म्हणाले. "तळ्यावर गेलो त्याच्या आधी. मी लपवून ठेवली. तू जाशील म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. दिवस मोजत होता. वहिनींनी पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला आणि आत गेल्या.

"त्यानंतरच्या मंगळवारी तो उठून बसला होता," तो म्हणाला. "चांगला बोलत होता. वहिनीला विचारलं, धाकटा कुठवर आलाय."

आवाज चढला नाही. चढला असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

मी म्हटलं, तू नुसताच आला असतास तरी त्यांना चाललं असतं, मी तुला कितीदा सांगितलं होतं. बोलून गेले, आणि लगेच वाटलं, हे आज बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, हो. ते माझं मी बघीन. जन्मभर बघीन.

*

बसथांब्यापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. माझी पिशवी त्याने घेतली. ती रिकामी होती, तरी घेतली. वाटेत ओळखीचे लोक भेटत होते, त्याला थांबवत होते, दादाबद्दल दोन शब्द बोलत होते. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? तो म्हणाला, शहरातून आल्यात, तबकडी द्यायला.

थांब्यावर बाकड्याच्या दोन टोकांना आम्ही बसलो. वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"तू खोटं सांगू शकली असतीस," तो म्हणाला.

"हो."

"काल मिळाली म्हणाली असतीस तर मला कधीच कळलं नसतं."

"नसतं."

तो हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत राहिला, सोडत राहिला. "सांगायला हवं होतंस खोटं. मी लग्न केलं असतं तुझ्याशी. सुखात राहिलो असतो गं आपण."

मी रडायचं नाही असं ठरवून आले होते. "तू राहिला असतास," मी म्हणाले. "मी रोज त्या खोलीच्या भिंतींकडे बघत बसले असते."

त्याने मान हलवली. ते त्याला पटलं की नुसतं ऐकू आलं, मला अजून कळलेलं नाही.

बस आली. त्याने पिशवी माझ्या हातात दिली. बोटं लागू दिली नाहीत. आणि म्हणाला, "सांभाळून जा." त्या 'जा'मध्ये 'ये' नव्हता. आमच्याकडे कुणी कुणाला असा निरोप देत नाही. परक्यालाही 'येतो', 'या' म्हणतात. मी पायरीवर थांबले, तो शब्द येईल म्हणून. वाहकाने घंटी मारली.

तो पाठ फिरवून चालू लागला होता, आणि मी पहिल्यांदाच 'येते' न म्हणता आत जाऊन बसले.